स्लाव्हिया १.५ की व्हर्टस जीटी? सोलापूरच्या वापरासाठी सल्ला हवा आहे

वाटसरू

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी एक छोटी डिझेल हॅचबॅक चालवत आहे. ती आता मुलाच्या हाती देऊन स्वतःसाठी सेडान घ्यायची, असे घरात ठरले आहे, आणि बऱ्याच गाड्या पाहून झाल्यावर माझ्या यादीत दोनच उरल्या आहेत : स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय आणि फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ टीएसआय. सध्या सगळीकडे उंच गाड्यांचीच चलती आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही रस्त्याला धरून चालणारी, वळणावर न डोलणारी आणि पाय दाबताच पुढे झेपावणारी गाडी एकदा तरी स्वतःची असावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे.

माझा वापर सांगतो. घर जुळे सोलापुरात आणि काम चिंचोळी एमआयडीसीत, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ सगळे शहर ओलांडून पुणे महामार्गावर जाणे-येणे आहे. मुलगी पुण्यात शिकते, त्यामुळे महिन्यातून दोनदा अडीचशे किलोमीटरचा प्रवास ठरलेला. शिवाय आईला घेऊन तुळजापूर आणि अक्कलकोट. आईचे वय ७४ आहे आणि तिचे गुडघे दुखतात, ही बाब माझ्यासाठी इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे.

कागदावर तुलना करायला बसलो, तर गोंधळ वाढलाच. दोन्ही गाड्या २०२२ साली आल्या, दोन्ही चाकणच्या एकाच कारखान्यात तयार होतात आणि दोन्हींचा सांगाडाही एकच आहे. व्हीलबेस २,६५१ मिलिमीटर, रुंदी १,७५२ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटर, पेट्रोलची टाकी ४५ लिटर आणि टायर २०५/५५ आर १६, हे सगळे आकडे दोन्हीकडे सारखे. इंजिन तेच १,४९८ सीसीचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल. ताकद १५० पीएस आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर. लांबीत काय तो २० मिलिमीटरचा फरक : स्लाव्हिया ४,५४१ आणि व्हर्टस ४,५६१. गाड्यांच्या टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२३ साली दोन्हींना प्रौढ आणि लहान मुले या दोन्ही गटांत पाच तारे दिले. दोन्ही गाड्या अर्धा-अर्धा तास चालवून पाहिल्या, पण तेवढ्यात मन कुणा एकीकडे झुकले नाही. मग निवड कशावरून करावी? ज्यांनी या गाड्या वर्ष-दोन वर्षे वापरल्या आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

काळीमाती

वाटसरू, माझ्याकडे स्लाव्हिया १.५ डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, तीन वर्षांपासून आहे आणि ५४,००० किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग मी अनुभवावरून सांगू शकतो.

या इंजिनाचा खरा गुण सरळ रस्त्यावर किती वेग गाठता येतो, यात नाही. तो पुणे रस्त्यावर मोहोळ सोडल्यानंतर कळतो. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उजव्या मार्गिकेत येतात, अनेकांना मागे दिवाही नसतो, आणि आपला वेग ताशी ९० वरून ३० वर आणून पुन्हा ९० वर न्यावा लागतो. ही क्रिया टेंभुर्णीपर्यंत पंचवीस-तीस वेळा होते. २५० न्यूटन मीटरचा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने गाडी प्रत्येक वेळी इंजिन न किंचाळता वेग घेते. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे चारही टोल ओलांडून पुण्यात पोचल्यावर जो थकवा जुन्या गाडीत जाणवायचा, तो आता जाणवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सिलिंडर बंद होण्याची सोय. वेग स्थिर असला आणि पाय हलका असला, की मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि गाडी उरलेल्या दोनांवर चालते. जोर दिला, की चारही पुन्हा सुरू होतात. हा बदल समोरच्या पडद्यावर दिसतो, पण कानाला किंवा पायाला जवळजवळ कळत नाही. ताशी ९० ते १०० च्या वेगाने भिगवणपर्यंत गेलो, तर मला लिटरला १७ ते १८ मिळतात. मात्र शहरात, विशेषतः एसटी स्थानक ते जुना पुणे नाका या पट्ट्यात, तीच गाडी १० ते ११ देते. डिझेलची सवय असलेल्या माणसाने हे आधीच समजून घ्यावे.

तक्रारी दोन आहेत. वरच्या मॉडेलमध्ये एसीची बटणे फिरवायची नसून स्पर्शाची आहेत. चालत्या गाडीत बोट नेमके लागत नाही आणि नजर रस्त्यावरून हटते. दुसरे म्हणजे या किमतीच्या आणि या ताकदीच्या गाडीला मागच्या चाकांना डिस्क ब्रेक द्यायला हवे होते. ते ड्रमच आहेत. ब्रेक लागत नाहीत असे माझे म्हणणे नाही, पण तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने उतरताना मी गिअर कमी करूनच उतरतो. या दोन्ही गोष्टी व्हर्टसमध्येही तशाच आहेत, त्यामुळे निवडीला त्यांचा उपयोग नाही.

यंत्रमाग

मी व्हर्टस जीटी प्लस वापरतो, सहा गिअरची मॅन्युअल. ही गाडी प्रथम फक्त डीएसजीमध्ये मिळत होती. मॅन्युअल २०२३ साली आली आणि मी त्याचीच वाट पाहत थांबलो होतो.

माझे मत स्पष्ट सांगतो : तुम्ही प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहे. स्लाव्हिया की व्हर्टस हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न गिअरबॉक्स कोणता हा आहे, कारण त्यावर तुमचा रोजचा अनुभव आणि पाच वर्षांनंतरचा खर्च या दोन्ही गोष्टी ठरतील. माझा कारखाना अक्कलकोट रोडला आहे आणि घर साखर पेठेत. त्या वाटेवर रिक्षा, हातगाड्या, सायकली आणि सुताचे टेम्पो यांतून मी दिवसातून चार वेळा जातो. तिथे क्लच माझ्या पायाखाली असला, की गाडी माझ्या मनाप्रमाणे सरकते. क्लच अगदी हलका नाही, पण त्रास व्हावा इतका जडही नाही, आणि गिअर टाकताना नेमकेपणा जाणवतो. या इंजिनाला तिसरा गिअर फार शोभतो; शहराबाहेर पडल्यावर बहुतेक वेळ मी तिसऱ्या-चौथ्यातच मजेत असतो.

दिसण्याबद्दल एकच वाक्य : काळे छप्पर, काळी चाके आणि पुढच्या ब्रेकचे लाल कॅलिपर पाहून मी भुललो होतो, हे खरे आहे, आणि आजही पार्किंगमध्ये वळून पाहतो.

भीमाकाठ

वीस वर्षे मी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून डीएसजीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. याबाबत भीती आणि भलावण दोन्ही गरजेपेक्षा जास्त ऐकू येतात.

या गाड्यांमधला सात गिअरचा डीएसजी हा मूळ कल्पनेने दोन मॅन्युअल गिअरबॉक्स एकत्र बसवल्यासारखा आहे. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर सांभाळतो; दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात चालत असता तेव्हा चौथा आधीच तयार ठेवलेला असतो आणि बदलताना फक्त क्लचची अदलाबदल होते, म्हणून तो इतका चपळ वाटतो. मात्र हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. त्यामुळे गाडी हलकी राहते आणि इंधन वाचते, पण क्लच घासून निर्माण झालेली उष्णता वाहून न्यायला तेल नसते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांवर जातो, एसी पूर्ण चालू असतो आणि गाडी चौकात फूट-फूट सरकत असते. अशा वेळी क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत सतत घासतो. अनेकांना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जे धक्के जाणवतात, त्यांचे एक मोठे कारण हे आहे.

तो कसा वापरावा, हे शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. पुढची गाडी चार फूट सरकली म्हणून आपणही लगेच चार फूट सरकू नये. थोडे अंतर पडू द्यावे आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच नीट पुढे जावे. थांबलेले असताना ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, म्हणजे क्लच पूर्ण मोकळा राहतो. अर्धवट ब्रेकवर गाडी रेंगाळत ठेवू नये. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी.

क्लचपेक्षा महाग प्रकरण म्हणजे मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलण्याचे काम करणारा तेलाच्या दाबावर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा एकत्रित भाग. त्यात बिघाड झाला, की गिअरचे चिन्ह लुकलुकू लागते आणि कधी सम तर कधी विषम गिअर लागेनासे होतात. हा प्रत्येक गाडीत होणारा बिघाड नव्हे, पण झाला तर खर्च मोठा असतो. म्हणून डीएसजी घेणाऱ्याने वाढीव वॉरंटी घेतलीच पाहिजे, आणि त्यात मेकॅट्रॉनिकचा समावेश आहे का, हे पुस्तिकेत स्वतः वाचून पाहिले पाहिजे.

आणखी एक. हा गिअरबॉक्स ज्या कमाल टॉर्कसाठी बनवला आहे, तो आकडा २५० न्यूटन मीटर आहे, आणि इंजिनाचा टॉर्कही नेमका तेवढाच. म्हणजे कंपनीने शिल्लक काहीच ठेवलेली नाही. पुण्याहून कुणी संगणक जोडून ताकद वाढवून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. वॉरंटी तर जाईलच, पण क्लचवरही त्याच्या क्षमतेबाहेरचा भार पडेल.

काळीमाती

भीमाकाठ यांनी लिहिलेली ब्रेकची गोष्ट मला पहिल्या उन्हाळ्यानंतर कळली. तोवर भैया चौकात गाडी धक्के द्यायची आणि मी कार्यशाळेत तक्रार करायचो. शहरातल्या नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्या कार्यशाळेने दोन वेळा सॉफ्टवेअर बदलून दिले, पण माझ्या चालवण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. सवय बदलल्यावर धक्के निम्म्याहून कमी झाले. ही माहिती गाडी ताब्यात देतानाच मिळायला हवी होती, याचे मला आजही वाईट वाटते.

हुरडा

एक वेगळा मुद्दा मांडतो. १.५ च घ्यायची असे ठरले आहे का? याच दोन गाड्यांमध्ये ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटरचे. त्याच्याबरोबर येणारा सहा गिअरचा ऑटोमॅटिक हा टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा, तेलामार्फत जोर पुढे देणारा आहे, म्हणजे वर चर्चा झालेला कोरडा क्लच त्यात नाहीच. गर्दीत रेंगाळण्यासाठी तो जास्त सोशिक आहे. माझ्याकडे ही स्लाव्हिया आहे. सुरुवातीला, टर्बोचा जोर येण्यापूर्वी, क्षणभर ती अडखळल्यासारखी वाटते, पण एकदा चालू लागली की महामार्गावरच्या ताशी १०० च्या मर्यादेत काही कमी पडत नाही.

करांचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. आधी या गाड्यांवर २८ टक्के कर आणि १७ टक्के उपकर, असे एकूण ४५ टक्के लागत. आता सरसकट ४० टक्के लागतात. छोट्या गाड्यांचा १८ टक्के दर १.० इंजिनाला मिळेल, असे काहींना वाटते, पण तसे नाही. त्यासाठी पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत आणि लांबीही चार मीटरच्या आत असावी लागते. वाहनकर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के आहे. यंत्रमाग यांच्यासारखा कुणी व्यावसायिक गाडी कंपनीच्या नावावर घेणार असेल, तर दर २० टक्के पडतो. तेव्हा आपल्या हिशेबनिसाशी आधी बोलावे.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. हुरडा, तुमचा मुद्दा व्यवहाराला धरून आहे आणि माझ्या पत्नीचेही तेच मत आहे. मी १.० देखील चालवून पाहिली. गाडी चांगली आहे. पण ज्या कारणासाठी मी सेडानकडे वळलो, ते कारण मला १.५ मध्येच सापडते, म्हणून तेवढा जास्त खर्च करायची माझी तयारी आहे.

आता माझा उरलेला प्रश्न मागच्या सीटचा आहे. आई पुढे बसत नाही. तिला मागे, डावीकडे खिडकीशी बसायचे असते. या गाड्यांची बैठक खाली आहे. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सातरस्ता

हे मी सांगू शकते. घरी व्हर्टस आहे आणि सासूबाई नेहमी मागे बसतात. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

आत गेल्यावर जागा उत्तम आहे. पाय पसरता येतात, मांडीला आधार बऱ्यापैकी मिळतो, मागे एसीचे झोत आहेत. मागे दोघांनी बसावे, तिघांनी नाही; गाडी रुंदीला बेताची आहे आणि मधल्या माणसाच्या पायात उंचवटा येतो. अडचण आत-बाहेर करण्यात आहे. सासूबाईंना एकदम पाय आत टाकून बसायला जमत नव्हते. आता त्या आधी दाराकडे पाठ करून सीटच्या कडेवर बसतात, मग दाराच्या वरची मूठ धरून दोन्ही पाय एकत्र आत घेतात. उतरताना याच्या उलट. गाडी फुटपाथला अगदी चिकटून उभी करू नये. पाय टेकायला वीतभर सपाट जमीन मिळाली, की त्यांना उठता येते. स्लाव्हियाची बैठकही याच उंचीची आहे, माझ्या भावाकडे ती आहे. त्यामुळे या बाबतीत दोन्हींत डावे-उजवे नाही. तुमच्या आईंना जमते की नाही, हे मात्र पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष बसवून पाहा.

फरक मला एका ठिकाणी ठळक जाणवला, आणि तो इथे कुणी लिहिला नाही. जीटीचा आतला भाग काळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या असलेल्या काळ्या सीटवर बसणे म्हणजे तव्यावर बसणे आहे. पुढच्या सीटमधून हवा येण्याची सोय आहे, पण ती फक्त पुढेच. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. भावाच्या स्लाव्हियात काळ्या-बदामी रंगाचा अंतर्भाग आहे आणि तो स्पष्टपणे कमी तापतो. त्या गाडीतही माँटे कार्लो प्रकार घेतला, तर मात्र पुन्हा लाल-काळा रंग येतो.

यंत्रमाग

सातरस्ता, तुमचा मुद्दा मान्य आहे. मी स्वतः पुढेच बसत असल्याने मला तो सुचला नाही. मागच्या प्रवाशांसाठी आम्ही निघण्यापूर्वी चारही काचा खाली करून दोन मिनिटे एसी चालवतो, आतली गरम हवा बाहेर गेल्यावर काचा लावतो. त्याने बराच फरक पडतो.

भीमाकाठ

सीटच्या उष्णतेवर उपाय म्हणून अनेक जण जाड कव्हर घालून घेतात, म्हणून एक सावधगिरीची सूचना देतो. या गाड्यांत सहा एअरबॅग असतात आणि त्यांतल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या पाठीतच, दाराकडच्या कडेला असतात. अपघातात त्या शिवण फाडून बाहेर येतात. पुढच्या सीटवर बाजारातले घट्ट कव्हर चढवले, तर त्या वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

दुसरे, टायरविषयी. जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर असल्याने आपल्याकडच्या गतिरोधकांवर या गाड्या सहसा घासत नाहीत. तरीही तुटलेल्या डांबराच्या धारदार कडेने टायरची बाजू कापली गेल्याची प्रकरणे माझ्याकडे येतात. हवा थंड टायरमध्ये, सकाळीच तपासावी. उन्हात पुण्याहून आल्यावर वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये.

सर्व्हिसिंग दोन्हींचे १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला आहे. आपल्याकडची धूळ पाहता, इंजिनाचा आणि एसीचा हवेचा फिल्टर मात्र मध्येच एकदा उघडून पाहावा.

वाटसरू

काल आणि आज मिळून माझा निर्णय झाला, म्हणून लिहितो आहे.

यंत्रमाग यांच्या सांगण्याप्रमाणे मी प्रश्नाचे टोक बदलले. शोरूमला विनंती करून डीएसजी सकाळी साडेनऊ वाजता चालवून पाहायला घेतली आणि नेहमीच्या वाटेने, आसरा चौकातून सात रस्ता आणि एसटी स्थानकावरून बाळ्यापर्यंत नेली. भीमाकाठ यांची ब्रेकची पद्धत पाळली, तर गाडी खरोखर शांत चालते. पण तेवढे भान मला रोज, दमलेला असतानाही, ठेवता येईल का, याचे प्रामाणिक उत्तर नाही असे आले. त्यानंतर त्याच वाटेने मॅन्युअल नेली आणि बाळे ओलांडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जेव्हा तिने वेग घेतला, तेव्हा पुढचा विचार करायची गरज उरली नाही. मॅन्युअलच घ्यायची.

आज आईला घेऊन गेलो. सातरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे ती आधी कडेवर बसली आणि मग पाय आत घेतले. पहिल्यांदा मी हात दिला, दुसऱ्यांदा तिने नको म्हटले. दोन्ही गाड्यांत ती सारख्याच सहजतेने बसली. स्लाव्हियाचा बदामी रंग तिला आवडला, हे तिने दोनदा सांगितले. मात्र मी दोन्हींच्या चालकाच्या सीटवर पाऊण-पाऊण तास बसलो, तेव्हा व्हर्टसचे तीन दांड्यांचे, खालून सपाट असलेले स्टेअरिंग माझ्या हाताला जास्त जवळचे वाटले. स्लाव्हियाच्या दोन दांड्यांच्या स्टेअरिंगवर हात कुठे ठेवावा हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. इतक्या सारख्या गाड्यांत निवड अशाच एखाद्या गोष्टीवर होणार होती. व्हर्टस जीटी प्लस मॅन्युअल नोंदवली आहे.

काळ्या सीटचे आईला सांगितले, तेव्हा तिने कपाटातला घडी न मोडलेला मोठा सुती टॉवेल काढून ठेवला. तो मागच्या सीटवर, तिच्या बाजूला राहील. पुढच्या सीटला काहीही घालणार नाही.